कवितेला डोमिसाइल लागत नाही

इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनी एक कागद जिवापाड जपला होता. डोमिसाइल सर्टिफिकेट! कॅप राउंडला तो दाखवला की आपण महाराष्ट्राचे, विषय संपला. भाषेच्या बाबतीत मात्र असा कागद कुठल्याच खिडकीवर मिळत नाही. तिथे आपण मराठी आहोत की नाही, किती टक्के आहोत, हे जो तो आपापल्या मनाने ठरवतो. आणि आमच्या भागात हा प्रश्न आता गप्पांपुरता राहिलेला नाही.

मी काशीमीऱ्याला राहते. जुलै २०२५ मध्ये आमच्या मीरा-भाईंदरमध्ये एका आठवड्यात दोन मोर्चे निघाले. त्याआधी मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी बोलण्यावरून मारहाण झाली होती आणि तिचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर पोचला होता. निषेध म्हणून व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला, पोलिसांनी धरपकड केली, दिवसभर टीव्हीवर आमचंच गाव! माझं मत विचाराल तर मारहाण चूकच. वर्षानुवर्षं इथे राहून "मराठीशिवाय आमचं काही अडत नाही" असं ऐटीत सांगणंही चूक. पण त्या आठवड्यात मला एक वेगळाच प्रश्न छळत होता. या दोन्ही मोर्चांतल्या किती जणांनी गेल्या वर्षभरात मराठीतली एक तरी कविता वाचली असेल?

हसू नका. प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे. भाषेसाठी भांडायचं तर त्या भाषेत काय आहे, ते कोणी आणून ठेवलं, हे माहीत नको का? मी ते शोधायला लागले आणि मराठी कवितेच्या इतिहासात इतक्या गमतीजमती सापडल्या की इंजिनीअरिंग मेकॅनिक्सची केटी राहिली असती तरी वाईट वाटलं नसतं! (राहिली नाही, ही गोष्ट वेगळी.)

आता मी हे का शोधावं? कारण मी कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत मराठीत बोललं की दंड होता आणि मराठीच्या तासाला कविता म्हणजे डायजेस्टमधून पाठ केलेला 'भावार्थ'. कॉलेजात आल्यावर दोन शिक्के तयारच होते. इंग्रजी माध्यमाची मुलं मराठी माध्यमाच्या मुलांना 'व्हर्नी' म्हणून हिणवतात आणि मराठी माध्यमाची मुलं आम्हाला "तुमचं काय बाबा, तुम्ही इंग्रजाची औलाद" म्हणतात. दोन्हीकडे समजूत एकच की खरी मराठी ही शाळेच्या माध्यमावरून, आडनावावरून आणि शुद्धलेखनावरून ठरते. कवितेचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

इंग्रजाची औलाद म्हणता ना? मग एका खऱ्याखुऱ्या इंग्रजापासूनच सुरुवात करू. थॉमस स्टीफन्स, आपल्याकडे फादर स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, साष्टी भागात राहिला आणि १६१९ साली गोव्यातच वारला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणं ऐकायला बंदी होती, पण पुराण ऐकण्याची सवय थोडीच जाते! त्यांच्यासाठी या माणसाने 'क्रिस्तपुराण' लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्या, कोकणी शब्दांची पेरणी असलेल्या मराठीत. त्यातली मराठीची स्तुती तर मराठी भाषादिनाच्या भाषणांत हमखास ऐकायला मिळते. म्हणजे आपल्या भाषेचं इतकं सुंदर कौतुक करणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी होती. डोमिसाइल मागितलं असतं तर त्याला बंदरावरूनच परत जावं लागलं असतं!

खरी गंमत पुढे आहे. १६१६ साली रायतूरला हे पुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. स्टीफन्सला ते इथल्या लिपीत छापायचं होतं आणि त्यासाठी त्याने १६०८ साली आपल्या वरिष्ठांना पत्रही लिहिलं होतं. अडचण होती ती खिळ्यांची. आपली जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून शेकडो वेगवेगळे खिळे ओतावे लागले असते. रोमन लिपीचं काम त्या मानाने थोडक्या खिळ्यांत भागत होतं. आज हा प्रश्न कसा सुटला ते आपण कॉम्प्युटरवाल्यांनी तरी लक्षात घ्यावं. युनिकोडने देवनागरीला १२८ जागा दिल्या आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम फॉन्टवर सोडलं. स्क्रीनवर 'क्ष' एकच दिसतो, पण आत 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन कोड असतात. चारशे वर्षांपूर्वी त्या पाद्रीबाबाला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने आनंदाने आणखी हजार ओव्या लिहिल्या असत्या.

आणि म्हणूनच, "आजची पिढी मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाइप करते, भाषा बुडाली" असं कुणी म्हणालं की मला स्टीफन्स आठवतो. मराठीतलं हे एवढं मोठं काव्य पहिल्यांदा छापलं गेलं तेच इंग्रजी अक्षरांत! १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांतली एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे आणि गाण्यामुळे. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं, तेही रोमन लिपीतच.

याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. (आमच्या शाळेच्या दंडाची परंपरा किती जुनी आहे बघा!) काय झालं? पोर्तुगीज गेले, कोकणी राहिली. हुकमाने भाषा मरत नाही. मग हुकमाने ती जगेल, यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

गोवा लांब वाटत असेल तर आमच्या जवळ या. काशीमीऱ्याहून हायवेने गुजरातच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडायची, पलीकडे वसई. तिथल्या ख्रिस्ती समाजाची सामवेदी बोली ऐकलीत तर कान टवकारतील इतकी जुनी वाटते. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आताचं धाराशिव) झालेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. त्यांची निवड झाली तेव्हा काही जणांना ती पचली नाही, विरोध झाला, धमक्याही आल्या. आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या माणसाकडेही शेवटी कुणीतरी डोमिसाइल मागितलंच! २०२४ साली ते गेले. वसईच्याच कवयित्री सिसिलिया कार्व्हालो यांचं नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? मी तर खाडीच्या अलीकडे राहते, पण मलाही ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण भजनं लिहिली ती अभंगाच्या वळणाची. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. या बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्याच्याही कितीतरी आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला आणि त्यांना संतकवींच्या मांदियाळीत जागा मिळाली. इंग्रज पाद्री, मुसलमान संत, शाळा न पाहिलेली बाई. या सगळ्यांना रांगेतून बाजूला काढलं तर मराठी कविता किती उरेल, तुम्हीच सांगा.

"पण भाषा शुद्ध नको का राहायला?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. त्यावर माधव जूलियन यांची गोष्ट ऐका. खरं नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवली ती यांनी, १९२५ साली फारसी-मराठी कोश केला तोही यांनी. पुढे याच माणसाने भाषाशुद्धीचा झेंडा हाती घेतला, फारसी-इंग्रजी शब्द मराठीतून काढावेत म्हणून लिहिलं, १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. पण टोपणनाव? ते 'जूलियन'च राहिलं! इंग्रजी साहित्यातून उचललेलं. मला यात त्यांची थट्टा करायची नाही. उलट मला ते फार जवळचे वाटतात. भाषेवर जीव असलेल्या माणसाला तिची काळजीही वाटते आणि बाहेरचं काही सुंदर दिसलं तर ते घरी आणण्याचा मोहही आवरत नाही. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं, त्याचं पुढे 'सुनीत' झालं. आज सुनीत परकं आहे असं कुणाला वाटतं?

आता आपल्या काळाच्या जवळ येऊ. अरुण कोलटकर हा तर दोन घरांचा माणूस. जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेला चित्रकार, आणि कवी दोन्ही भाषांतला. १९७६ साली त्यांचं इंग्रजी 'जेजुरी' आलं, १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रहही आला. खंडोबा आपला आणि कविता इंग्रजी, त्यामुळे वाद होणारच होता. भालचंद्र नेमाडे यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे की या कवितेतला माणूस जेजुरीला एखाद्या टुरिस्टासारखा जाऊन येतो. हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. आपल्यासारख्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी तर तो आरशासारखा समोर धरावा. आपणही सणावारी मराठी, फोटोपुरते मराठी, म्हणजे आपल्याच घरात टुरिस्ट असतो की नाही? पण कोलटकरांबद्दल तो आक्षेप मला पुरा पटत नाही. कारण हाच कवी पुढे 'भिजकी वही' लिहितो, मरणाच्या आदल्या वर्षी, २००३ साली ती प्रसिद्ध होते, आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळतो. टुरिस्ट एवढा मुक्काम करत नाही. गंमत म्हणजे स्वतः नेमाडेंनीही आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि लिहिलं मराठीत!

दिलीप चित्रे यांचंही तसंच. १९९४ साली त्यांना साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार मिळाले. एक त्यांच्या मराठी कवितेला, दुसरा तुकारामाच्या इंग्रजी भाषांतराला. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं. दोन भाषा येणाऱ्या माणसाने काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथे कुणीतरी हात वर करून विचारेल (आणि विचारावंच) की, "बाई, तुझे स्टीफन्स, चित्रे, शेख महंमद ठीक आहेत. पण त्यांनी मराठी शिकली, तिच्यात आयुष्य घातलं. इथे वीस-वीस वर्षं राहून 'चालतं की हिंदी' म्हणणाऱ्यांना ही नावं कशाला पांघरूण म्हणून देतेस?" अगदी बरोबर! हेच मला म्हणायचंय. दार उघडं आहे याचा अर्थ चालत जायला नको असा होत नाही. स्टीफन्सला मराठी येईपर्यंत वर्षं लागली असतील, त्याच्या हातात ना डायजेस्ट होतं ना यूट्यूब. आपल्या हातात दोन्ही आहेत. मग "माझं मराठी वीक आहे" हे आपण इतक्या अभिमानाने का सांगतो? "माझं मॅथ्स वीक आहे" असं इंटरव्ह्यूत कुणी हसत हसत सांगतं का?

दुसरीकडे, ज्यांना आपलं मराठी पक्कं आहे याची खात्री आहे त्यांच्यासाठी नामदेव ढसाळ. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिली विजय तेंडुलकरांनी. मराठी नाटकाचा एवढा मोठा लेखक, पण त्या कवितेतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना ढसाळांकडून विचारून घ्यावे लागले. शब्द मराठी कवितेतले, मुंबईच्याच एका वस्तीतले. मराठी पूर्ण येते असा माणूस अजून जन्मलेला नाही! प्रत्येकाकडे तिचा एकेक तुकडा आहे. वसईकरांकडे सामवेदी, आमच्या काशीमीऱ्याच्या डोंगराकडेच्या पाड्यांत वारली, बहिणाबाईंकडे खानदेशी, ढसाळांकडे गोलपिठ्याची. माझ्याकडे हायवेच्या कडेची, अर्धी हिंदी मिसळलेली. तिला हसायचं असेल तर हसा, पण तीही याच यादीत आहे.

आजच्या कवितेने हे केव्हाच ओळखलंय, पाठ्यपुस्तकांपर्यंत ते अजून नीट पोचलेलं नाही इतकंच. मन्या जोशींच्या संग्रहाचं नावच 'ज्याम मजा' आहे. वरजेश सोलंकी हे नाव ऐकून तुम्ही कुठल्या भाषेचा अंदाज बांधाल? त्यांच्या २००२ सालच्या संग्रहाचं नाव 'वरजेश ईश्वरलाल सोलंकीच्या कविता' असं आहे आणि त्या कविता मराठी आहेत. हेमंत दिवटे यांची कविता मॉल, ब्रँड, ईएमआय यांच्या जगात वावरते. अरुण काळे यांच्या 'नंतर आलेले लोक'मध्ये जागतिकीकरण आहे, आणि ते विकणाऱ्यांच्या बाजूने नाही, त्यात मागे राहिलेल्यांच्या बाजूने पाहिलेलं. या कवींचं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की अरे, ही तर मी बोलते तीच भाषा! कवितेत चंद्र-चांदणं असावंच लागतं असं नाही. ट्रकच्या रांगा, मेट्रोचे खांब, टँकरची वाट बघणारी बिल्डिंग, नाक्यावर पाच भाषांत चाललेली रिक्षाची घासाघीस, हे सगळं चालतं. म्हणजे काशीमीरा चालतो! फक्त अजून तो कुणी मनापासून लिहिलेला नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण त्या दर्जामुळे तुमच्या-माझ्या टेबलावर आपोआप पुस्तक येणार नाही. म्हणून, मित्रहो, भाषण पुरे करते आणि दोन विनंत्या करते.

पहिली, माझ्या इंग्रजी माध्यमाच्या दोस्तांना. महिन्याला एक कवितासंग्रह. पातळ असतात, एका लोकल प्रवासात संपतात, आणि आपल्या लायब्ररीतल्या मराठी कपाटासमोर रांग वगैरे अजिबात नसते. अडलेला शब्द घरी आजीला विचारा, तिलाही बरं वाटेल.

दुसरी, मराठी माध्यमाच्या दोस्तांना. आमच्या ऱ्हस्व-दीर्घाला हसू नका, दुरुस्त करा. आम्ही तुमच्या इंग्रजी व्हायव्हाला मदत करू, तुम्ही आमच्या वेलांटीला करा. व्यवहार सरळ आहे.

आणि पुढच्या अंकासाठी या मराठी विभागात लिहा. दरवर्षी इंग्रजी विभागाकडे लेखांचा ढीग पडतो आणि मराठीसाठी संपादकांना पोरं शोधत कँटीनमध्ये फिरावं लागतं. तुमच्याकडे जी मराठी आहे तीत लिहा. मालवणी असो, वऱ्हाडी असो, घरी गुजराती किंवा तुळू बोलून मित्रांकडून उचललेली असो. अगदीच जमलं नाही तर फादर स्टीफन्ससारखी इंग्रजी अक्षरांत लिहून द्या, देवनागरीत टाइप करायला मी बसते.

- तृतीय वर्ष, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग